मागचा तांबडा दिवा

दर वर्षी जानेवारी महिन्यात आपल्या महाविद्यालयातून रस्ता सुरक्षेची फेरी निघते. पूर्वी हा सप्ताह असे, पुढे त्याचा महिना झाला. हातांत फलक घेऊन आपण बस स्थानकापर्यंत जातो, घोषणा देतो, तिठ्यावर शपथ घेतो आणि छायाचित्र काढून परत येतो. गेल्या वर्षी, म्हणजे प्रथम वर्षात असताना, मीही एक फलक धरला होता. त्यावर हेल्मेट वापरा असे लिहिले होते. आमची फेरी कडेने चालली असता शेजारून उसाने भरलेले दोन ट्रेलर ओढीत एक ट्रॅक्टर गेला. मागच्या ट्रेलरबाहेर हात-दीड हात ऊस लोंबत होता आणि त्याखाली दिवा कोठे आहे हे भर दिवसाही दिसत नव्हते. चालकाने आम्हांला पाहून हॉर्न वाजवला. फेरीतल्या मुली हसल्या. मी मान खाली घातली, कारण तो ट्रॅक्टर माझे वडीलच चालवीत होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आबा सातवीपर्यंत शिकले आणि गेली बावीस वर्षे हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ऊस ओढतात. आमचे गाव शिरोळ तालुक्यात. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या मधला हा सगळा पट्टा उसाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झाले की मार्चपर्यंत येथले रस्ते रात्रंदिवस उसाच्या वाहनांनी भरलेले असतात. तेव्हा या विषयावर मी लिहिते ते ऐकीव नाही, एवढे वाचकांनी धरून चालावे.

फेरीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. फलकावरचे वाक्य खरेच आहे. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, तिचा फलक मी कोठे पाहिला नाही. एकूण अपघातांपैकी सुमारे पाचवा हिस्सा अपघात मागून धडक बसून होतात. आमच्या भागात मागून धडक म्हणजे बहुधा काय, हे सांगावे लागत नाही.

१७ जानेवारी २०२३ च्या रात्री माझा चुलतभाऊ कारखान्यातली दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी येत होता. त्याला आम्ही दादा म्हणतो. गावाअलीकडे एक भरलेला ट्रेलर पंक्चर होऊन उभा होता. ट्रॅक्टर सोडवून चालक चाक दुरुस्त करायला गेला होता. मागे दिवा नव्हता, तांबडी पट्टी नव्हती, चार दगड तेवढे लावले होते. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने दादाचे डोळे दिपले आणि पुढच्या क्षणी तो उसात होता. हेल्मेट डोक्यावर होते म्हणून डोके वाचले, हेही सांगितले पाहिजे. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला.

तो ट्रेलर कोणाचा होता ते मी लिहीत नाही. आबांचा नव्हता. पण त्या रात्री आबांच्या ट्रेलरलाही मागे दिवा नव्हता. दवाखान्याच्या व्हरांड्यात आबा चुलत्यांच्या शेजारी बसले होते आणि पहाटेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दिवा का नसतो? मी हे आबांनाच विचारले. ते म्हणाले, “लावला तर आठ दिस टिकत न्हाई. वायर तुटत्या, न्हाईतर बल्ब कुणीतरी काढून नेतंय.” हे उत्तर मला आधी पळवाटीचे वाटले. नंतर नीट पाहिले तेव्हा कळले, की त्यात बरेच तथ्य आहे. ट्रॅक्टरची वीज ट्रेलरपर्यंत एका लोंबत्या वायरीने जाते. मागे दुसरा ट्रेलर असला की आणखी एक वायर. फडात ट्रेलर सरीवरून, पाटातून ओढावा लागतो. तेथे ती अडकून तुटते. शिवाय वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून जितका बसेल तितका ऊस भरला जातो आणि मागे लोंबणाऱ्या मोळ्यांखाली असलेला दिवाही झाकतो. ट्रेलर ठेकेदाराचा, ट्रॅक्टर कधी कधी दुसऱ्याचा, चालक हंगामापुरता. बल्ब कोणी विकत घ्यायचा? चालकाने पदरचे घातले तर पुढच्या हंगामात तो त्या ट्रेलरवर असेलच असे नाही. म्हणजे निष्काळजीपणा आहेच, पण तो एका माणसाचा नाही, आणि एका माणसाला दंड करून तो जात नाही.

म्हणूनच ज्याला वायर लागत नाही अशी वस्तू महत्त्वाची ठरते. ती म्हणजे परावर्तक पट्टी, जिला आपण रेडियम म्हणतो. (त्यात रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते, नाव तेवढे चिकटले आहे.) केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वाहनाच्या मागे तांबडे परावर्तक हवेत असे सांगितलेलेच आहे. ही पट्टी चमकते कशी, हे मला आमच्या हायस्कुलातील विज्ञानाच्या गुरुजींनी अंगणात टॉर्च घेऊन दाखवले. पांढऱ्या भिंतीवर प्रकाश टाकला तर तो चहूकडे विखरतो, आपल्या डोळ्यांकडे थोडासाच येतो. आरसा सगळा प्रकाश परत करतो, पण आपण अगदी समोर असलो तरच. जरा तिरपे उभे राहिलो की तो भलतीकडे जातो. या पट्टीत काचेचे अतिशय बारीक मणी किंवा बारीक पैलू असतात. त्यांत शिरलेला किरण आतल्या आत वळून जिकडून आला तिकडेच परत जातो. गाडीचा दिवा आणि चालकाचे डोळे जवळजवळ असल्यामुळे तो प्रकाश नेमका त्यालाच दिसतो. अंधारात मांजराचे डोळे चमकतात ते असेच.

आता थोडा हिशेब. कलाशाखेच्या वाचकांनी घाबरू नये, मीही गणितात कच्चीच आहे. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर आणखी पंचवीसेक मीटर. म्हणजे एकूण ५० मीटर हवेत. मोटारसायकलच्या खाली पाडलेल्या झोतात धुळकट, वाळलेल्या पाल्याचा ट्रेलर मात्र तीस-चाळीस मीटरच्या आत आल्यावरच ओळखू येतो. दादा वेडावाकडा चालवीत नव्हता. त्याला दिसेपर्यंत उशीर झालेला होता.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले तेव्हा हे सर्व माझ्या मनात होते. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे असा नियम आहे. जानेवारीतल्या त्या फेरीनंतर मी आमच्या कार्यक्रम अधिकारी मॅडमना धीर करून म्हटले, की जानेवारीत एकही ट्रेलर थांबत नाही, तो थांबतो मे महिन्यात. हंगाम संपला की टोळ्या आपल्या गावी जातात, ट्रॅक्टर शेतीच्या कामाला लागतात आणि ट्रेलर गावोगावी वाड्याशेजारी, चिंचेखाली रिकामे पडून असतात. तेव्हाच त्यांना हात लावता येईल. मॅडमनी मला दोन प्रश्न विचारले: पट्टीचे पैसे कोण देणार, आणि सुट्टीत किती विद्यार्थी येतील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी तीस दिले. प्रत्यक्षात चौदा आले. पट्टीचे निम्मे पैसे ग्रामपंचायतीने दिले आणि निम्मे ट्रेलरमालकांकडून जमले; दोघा मालकांनी अजून दिलेले नाहीत.

परीक्षा संपल्यावर मे २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही काम सुरू केले. पहिल्या दिवशी सात ट्रेलरांच्या मागच्या फाळक्यांवर झकास रुंद पट्ट्या लावल्या, छायाचित्रही काढले. संध्याकाळी आबा सायकलवरून आले, एक फेरी मारून पाहिले आणि म्हणाले, “पोरी, फाळक्यावर चिकटवून काय उपयोग? हंगामात फाळकं काढूनच ठेवत्यात की.” आम्ही चौदाजण एकमेकांकडे पाहत राहिलो. ऊस भरताना मागचा फाळका काढतात हे लहानपणापासून पाहूनही मला आठवले नव्हते. आमच्यातल्या एका हुशार मुलाने, जो पुढे स्पर्धा परीक्षा देणार आहे, “काकांना आधीच विचारायला हवं होतं” असे म्हटले. ते मला लागले, कारण काकांना विचारण्याचे काम माझेच होते.

दुसऱ्या दिवसापासून आबाच आमचे मार्गदर्शक झाले. पट्टी कोठे लावायची हे त्यांनी ऊस भरल्यावर काय काय झाकते याचा विचार करून ठरवले: मागच्या आडव्या चॅनेलवर खाली, दोन्ही टोकांना, म्हणजे ट्रेलरची रुंदी कळेल, बाजूला सांगाड्यावर पिवळी, पुढे पांढरी. मध्ये एक लोखंडी पत्रा साखळीने लोंबता ठेवून त्यावरही तांबडी पट्टी, म्हणजे मोळ्या खाली आल्या तरी पत्रा त्यांच्याखाली राहतो. पट्टी नुसती चिकटवून भागत नाही. आधी चिखल धुवायचा, गंज कानशीने व काचकागदाने काढायचा, थिनरने पुसून पूर्ण सुकू द्यायचे, मग फडक्याने दाबत दाबत बसवायची. कडेला एक रिव्हेट मारला तर ती टोकाकडून सुटत नाही. उन्हात तापलेल्या कोरड्या लोखंडावर ती घट्ट बसते, ओल्यावर मुळीच नाही. आणि गेल्या वर्षी तर मे महिन्यातच पावसाने गाठले. आमचे ऐंशी ट्रेलरांचे गणित होते, ते एकसष्टावर थांबले.

दादा रोज यायचा. कुबडी टेकून खुर्चीवर बसायचा आणि पट्ट्या मापाने कापून द्यायचा. त्या अपघाताविषयी तो काही बोलला नाही, आम्हीही विचारले नाही. एका रात्री मात्र त्यानेच कल्पना काढली, की पाहू या किती लांबून दिसते. गावाबाहेरच्या वापरात नसलेल्या खडीच्या रस्त्यावर पट्टी नसलेला एक ट्रेलर उभा केला आणि मोटारसायकलचा दिवा खाली पाडून ती हळूहळू ढकलत नेली. ट्रेलर ओळखू आला तेथून पावले मोजली, ती बावन्न भरली. मग पट्टी लावून पुन्हा तेच केले, पण या वेळी ट्रेलरपासून मागे मागे जात. तीनशे पावलांवर रस्ता वळला, तोवर तांबडी रेघ दिसतच होती.

दादाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती, ती पट्टीने सुटणारी नाही. तो जवळजवळ चाळीस मिनिटे रस्त्यावर पडून होता. भोवती माणसे जमली होती. कोणी पाणी आणले, कोणी मोबाईलवर चित्रण केले. उचलायला कोणी पुढे येईना, कारण पोलिसांचे लचांड मागे लागेल ही भीती. आधी उचलले असते तर पाय वाचला असता का, हे सांगता येणार नाही. पण ही भीती आज निराधार आहे, हे गावात फार थोड्यांना माहीत आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम मान्य केले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले. सद्हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. त्याने नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे असे नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर असते. दवाखाना त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजनाही आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वाट पाहताना वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि मान किंवा कणा दुखावला असेल असे वाटल्यास माणसाला उगाच हलवू नये. हे आम्ही पारावर दोन संध्याकाळी सांगितले. पहिल्या दिवशी सतरा माणसे होती, दुसऱ्या दिवशी भजन असल्याने बरीच.

नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू झाला. आबा आता खेपेला निघण्यापूर्वी फडक्याने पट्टी पुसतात. चिखलाने माखली तर तिचा काही उपयोग नाही, हे ते इतर चालकांना माझ्यापेक्षा चांगले सांगतात. या जानेवारीत आम्ही फेरी काढली, पण आधी दोन रात्री वजनकाट्याच्या रांगेत जाऊन मोजदाद केली. एकसष्टपैकी अठ्ठावन्न ट्रेलर सापडले. त्रेचाळिसांवरची पट्टी शाबूत होती, सहांची अर्धी निघाली होती, नवांची गेली होती. गेलेल्यांपैकी बहुतेक रिव्हेट न मारलेल्या, घाईत लावलेल्या होत्या. लोंबते पत्रे मात्र वीसच उरले. बाकीचे भंगारात गेले असावेत.

बैलांच्या टायरगाड्या अजून तशाच आहेत. त्या मे महिन्यात मिळत नाहीत, कारण गाडीवान बैलांसह आपल्या मुलखाला गेलेले असतात. त्यांचे काम टोळ्या येतात तेव्हा ऑक्टोबरातच करावे लागेल, आणि नेमकी त्याच वेळी आपली सत्रपरीक्षा असते. मॅडमशी बोलून तारखा ठरवायच्या आहेत. यायचे असेल त्यांनी योजनेच्या कार्यालयातील वहीत नाव लिहावे.