नोटीस बोर्डावरची माणसं

राजस्थानात कोट किराना नावाचं गाव आहे, तेव्हा ते पाली जिल्ह्यात होतं. २ डिसेंबर १९९४ रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेने तिथे पहिली जनसुनवाई भरवली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिलं सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कागदावर ज्यांच्या नावाने मजुरी निघाली होती ती माणसं समोरच बसली होती, आणि कागद खोटा कसा आहे हे तीच सांगत होती. पुढे १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. २००५ चा माहिती अधिकार कायदा अशाच उन्हातान्हातल्या बैठकांतून उभा राहिला. माहितीच्या त्या मागणीला एक ठरलेली दिशा होती. खाली उभ्या असलेल्या माणसाला वर काय चाललंय ते पाहायचं होतं.

गेल्या तीस वर्षांत ही दिशा अनेक ठिकाणी उलटी झाली. पारदर्शकता हा शब्द आता प्रत्येक योजनेच्या शासन निर्णयात असतो. पण उघडी पडते ती बहुतेक वेळा मजुराची हजेरी, रुग्णाचा पत्ता, प्रेमात पडलेल्या दोघांचं नाव. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला झाकून घेण्याचे मार्ग सापडतात, आणि ज्याला सरकारकडे काही मागायचं आहे त्याला मात्र आधी सगळं उघड करावं लागतं. पारदर्शकतेची सामाजिक किंमत मोजायची तर ही असमानता धरूनच मोजली पाहिजे.

माहिती अधिकार कायद्याचं मोल कमी लेखण्याचा माझा अजिबात हेतू नाही. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी स्वतःचा कायदा केला. अण्णा हजारे यांच्या उपोषणानंतर ऑगस्ट २००३ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून साधा माणूस तहसीलदाराला तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायला लावू शकतो, ही आपल्या प्रशासनाच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे. मुंबईतलं ‘आदर्श’ सोसायटीचं प्रकरण उघडकीला येण्यातही या अर्जांचा मोठा वाटा होता. २००६ मध्ये फायलींवरच्या टिपण्या कायद्यातून वगळण्याचा घाट केंद्राने घातला, तेव्हा अण्णांनी आळंदीला उपोषण केलं आणि ती दुरुस्ती मागे पडली. ते योग्यच झालं.

तरी टिपण्या खुल्या झाल्याचा परिणाम कार्यालयात दिसतो. आपली टिपणी उद्या वर्तमानपत्रात छापून येईल या धास्तीने अधिकारी स्पष्ट मत लिहायला कचरतात. निर्णय तोंडी होतो आणि नस्तीवर ‘चर्चेनुसार’ एवढाच शेरा उरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्यांचा हक्क मान्य केला. मात्र माहिती मागण्याच्या नावाखाली प्रामाणिक अधिकाऱ्यांना छळलं जाऊ नये, असा इशाराही त्याच निकालात दिला. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून नंतर तडजोडीला बसणारे लोक जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात सापडतात. पण ही किंमत सोसण्यासारखी आहे. माझा जीव अडकतो तो दुसरीकडे.

तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांनी माहिती अधिकार वापरून जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. त्याच वर्षी २० जुलैला गीरच्या जंगलातल्या बेकायदा खाणींविरुद्ध लढणारे अमित जेठवा यांना अहमदाबादेत उच्च न्यायालयाच्या समोरच गोळ्या घातल्या गेल्या. माहिती मागणाऱ्याला अर्जावर नाव आणि पत्ता लिहावा लागतो. तो अर्ज ज्या टेबलावर जातो तिथून ज्याच्याविरुद्ध माहिती मागितली त्याच्यापर्यंत बातमी पोहोचायला वेळ लागत नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी पुरे, घरचा पत्ता हवाच असं नाही. किती अर्जदारांना हे माहीत आहे? गैरव्यवहार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना वर्षानुवर्षं निघालीच नाही. म्हणजे प्रश्न विचारणारा उघड्यावर, आणि त्याला आडोसा देणारा कायदा कपाटात.

आता हजेरीपटाकडे परत येऊ. रोजगार हमीची कल्पना मूळची महाराष्ट्राची, वि. स. पागे यांची. तीच पुढे देशभर गेली. या कामांवरच्या मजुरांची हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून, घ्यायची हा नियम १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांना लागू झाला. डोक्यावर पदर घेतलेल्या, हातात घमेलं असलेल्या बायकांचे ते फोटो जगात कुठूनही पाहता येतील अशा संकेतस्थळावर जात. नेटवर्क नसेल तर दिवसभर राबूनही हजेरी बुडे. आणि चोरी थांबली का? २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयाला राज्यांना कळवावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो, एवढंच काय फोटोचेही फोटो, टाकले जात आहेत. मस्टर गावात वाचलं जायचं तेव्हा खोटं नाव पकडणारा माणूस तिथेच बसलेला असायचा. हजारो किलोमीटरवरून फोटो पाहणारा कोणाला ओळखणार?

राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात २०१७ मध्ये तर रेशन घेणाऱ्या कुटुंबांच्या घरांच्या भिंतींवर, आम्ही गरीब आहोत आणि सरकारी धान्य घेतो, असं रंगवलं गेलं. अपात्र लोक लाजून नाव काढून घेतील, असा त्यामागचा हिशोब होता. लाज हे प्रशासनाचं हत्यार झालं की ते आधी पात्र माणसालाच लागतं.

करोनाच्या काळात हे आपल्याही अंगावर आलं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्यात आला. दोन दिवसांत पालघर स्थानकावर असे शिक्के असलेल्या प्रवाशांना गाडीतून उतरवावं लागलं. त्यांनी प्रवास करायला नको होता हे खरंच. पण पुढच्या महिन्यांत रुग्णांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या, घरांवर फलक लागले, आणि माणसं तपासणी करून घ्यायलाच भिऊ लागली. साथ आटोक्यात आणायला लोकांनी पुढे येणं हवं होतं, आणि नावं फोडण्याने नेमकं तेच अडलं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये, घरांवर असे फलक लावण्याची गरज नाही, असं स्पष्ट केलं.

माझ्या मते सगळ्यात जाचक उदाहरण विशेष विवाह कायद्याचं आहे. १९५४ च्या या कायद्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि तीस दिवस हरकतींची वाट पाहिली जाते. एखाद्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिथेही लागते. म्हणजे नाशिकची मुलगी मुंबईत नोंदणीला गेली तरी बातमी नाशिकच्या कार्यालयात पोहोचते. त्याच जातीत, त्याच धर्मात मांडव घालून लग्न करणाऱ्यांना अशी कुठलीच आगाऊ नोटीस लागत नाही. कायद्याचा हेतू फसवणूक टाळण्याचा होता, आधीच लग्न झालेलं असेल तर ते कळावं म्हणून. प्रत्यक्षात ही नोटीस वाचायला कोण जातं? मुलीचा भाऊ, काका, आणि अशा जोडप्यांच्या मागावर असलेले स्वयंघोषित रक्षक. नोटिसा संकेतस्थळावर आल्यावर तर कचेरीपर्यंत जायचंही कारण उरलं नाही. केरळने जुलै २०२० मध्ये त्या ऑनलाइन टाकणं थांबवलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे त्या जोडप्यावर सोडावं. महाराष्ट्राने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द काढला, ‘आंतरधर्मीय’ ठेवला. ज्या राज्यात महात्मा फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीची लग्नं लावली, तिथे दोन प्रौढ माणसांच्या संमतीची सरकारने अशी नोंद ठेवावी, याचा मला संताप येतो.

न्यायालयांचे निकाल आता घरबसल्या वाचता येतात. अभ्यासकाला, वकिलाला, पक्षकाराला त्याचा केवढा आधार आहे. पण नाव टाकून शोधलं की निर्दोष सुटलेल्या माणसाचा खटलाही पहिल्याच पानावर येतो. २०२१ मध्ये अशाच एका सुटलेल्या माणसाने, नोकरी मिळत नाही म्हणून, दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि शोधयंत्रांतून तो निकाल दिसू नये असा अंतरिम आदेश मिळवला. प्रत्येकाला दिल्लीला वकील लावणं परवडत नाही.

नॉर्वेचा अनुभव इथे फार शिकवणारा आहे. तिथे लोकांचं करपात्र उत्पन्न पूर्वीपासून सार्वजनिक होतं, पण ते पाहायला कार्यालयात जावं लागे. २००१ मध्ये ते इंटरनेटवर आलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं उत्पन्न पाहण्याचा देशभर छंदच लागला. अर्थशास्त्रज्ञ रिकार्दो पेरेझ-त्रुलिया यांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यानंतर श्रीमंत आणि गरीब यांच्या आनंदाच्या भावनेतली दरी २९ टक्क्यांनी रुंदावली. २०१४ मध्ये सरकारने एक साधा बदल केला. तुमचं उत्पन्न कोणी पाहिलं हे तुम्हालाही कळू लागलं. शोध झपाट्याने घटले. माहिती तेवढीच खुली राहिली, फक्त पाहणाराही दिसू लागला. आपल्याकडच्या चावडीवाचनात हेच होतं. सातबाराच्या नोंदी आणि फेरफार मोठ्याने वाचले जात, तेव्हा ऐकायला कोण आलं आहे हे सगळ्या गावाला दिसत असे.

आता वरच्या मजल्यावर काय झालं ते पाहा. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणलं. एकाही पक्षाने ते मानलं नाही. २०१८ मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांनी देणगीदारांची नावं जनतेपासून लपवली, ती १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने योजना रद्द करेपर्यंत. त्याच वर्षांत घमेलं वाहणाऱ्या बाईचा चेहरा दिवसातून दोनदा जगासमोर मांडला जात होता.

आणि खासगीपणाचा हक्क? ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत मानला, तेव्हा या सगळ्या उघड्या पडलेल्या माणसांना तो मिळेल असं वाटलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्याचा वापर केला तो माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदलायला. जुन्या कलमात तोल होता. वैयक्तिक माहिती नाकारता येई, पण जनहित मोठं असेल तर ती द्यावी लागे, आणि संसदेला किंवा विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येत नसे. दुरुस्तीने कलमातला हा तोल काढून टाकला आणि वैयक्तिक माहिती सरसकट वगळली. कलम ८(२) मधली जनहिताची सामान्य तरतूद शिल्लक आहे, पण ती वापरायची की नाही हे तेच कार्यालय ठरवणार. कोट किरानात वाचले गेले त्या कागदांवर नावं होती. नावंच वैयक्तिक ठरली तर कंत्राटदाराचं बिल, रेशन दुकानाची यादी, बदलीचा आदेश यांतलं काय तपासता येईल?

सत्तेला उघडं ठेवणं आणि साध्या माणसाला आडोसा देणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. रेशनच्या यादीत ग्रामसभेला नाव आणि किती धान्य उचललं ते हवं, आधार क्रमांक आणि मोबाइल नको. विवाहाच्या नोटिशीची खातरजमा अधिकाऱ्याने कागदपत्रांवरून करावी, दारावर चिकटवून नव्हे. माहिती मागणाऱ्याचा पत्ता ज्याच्याविरुद्ध माहिती मागितली त्याच्या हाती लागू नये. आणि कलम ८(१)(जे) मधला जुना तोल, त्यातल्या विधिमंडळाच्या ओळीसकट, संसदेने पूर्ववत करावा.