ढगात कान फसवतो

जुलैत तवंदी घाटात धुकं उतरलं की निपाणीकर गाडी कडेला घेऊन थांबतो. बेळगावच्या सांबरा विमानतळाकडे निघालेल्या वैमानिकाला ती सोय नाही. खाली ढग, वर ढग, आणि भरवसा ठेवायचा तो समोरच्या उपकरणांवर.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानं उभारलेला हा विमानतळ. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत बेळगाव होतं, जळगावही. व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या २०० तासांतले काही तास उपकरणांवरच उडायचे असतात. बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड लावून.

पहिला दगा देतो तो कान. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव मागे रेंगाळला की मेंदूला वळण कळतं. वळण एकसारखं चालू राहिलं तर दहा-वीस सेकंदांत द्रव नलिकेच्या वेगानं फिरू लागतो आणि वळण जाणवेनासंच होतं. मग पंख सरळ केले, तर अंगणात गरगर फिरून थांबलेल्या पोरासारखं उलटीकडे वळल्याचा भास होतो. वैमानिक भासाला भुलून पुन्हा कलतो. उंची घटते, तो नाक वर ओढतो, त्यानं वळण आणखीच आवळतं. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांची परीक्षा घेतली. विसांच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत.

‘उपकरणांवर विश्वास ठेवा’ हा सल्ला म्हणूनच दिला जातो. माझ्या मते तो अर्धाच आहे. उंचीमापक खरं तर हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीनुसार लावला, तर सांबऱ्याला जमिनीवर उभ्या विमानातही तो सुमारे २,५०० फूट दाखवतो. पावसाळ्यात दाब उतरतो. दहा हेक्टोपास्कल जास्तीचा आकडा लावून ठेवला, तर विमान जवळपास तीनशे फूट खाली असूनही काटा शांत.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ मुंबईहून दुबईला निघालं. समुद्रावर काळोख, क्षितिज नाहीच. कप्तानासमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं आणि विमान उजवीकडे कलल्याचं दाखवत राहिलं. ते सावरायला कप्तान डावीकडे कलवत गेला. सहवैमानिकाचं उपकरण वेगळं सांगत होतं, फ्लाइट इंजिनिअरनं तसं बोलूनही दाखवलं. पण वेळ गेली होती. उड्डाणानंतर १०१ सेकंदांत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले.

म्हणून नजर एका तबकडीवर खिळू द्यायची नाही, हा पहिला धडा. कृत्रिम क्षितिज, मग उंची. पुन्हा क्षितिज, मग दिशा, वेग. क्षितिज म्हणतं उजवीकडे कललोय, पण दिशादर्शक हलत नाही? मग दोघांतलं एक खोटं, आणि वळणदर्शक बघायचा. शिक्षक तर कधी कृत्रिम क्षितिजच झाकून ठेवतो. विद्यार्थ्यानं मग वळणदर्शक आणि घड्याळावर निभवायचं: सेकंदाला तीन अंश, म्हणजे उलट दिशेला तोंड करायला बरोबर एक मिनिट.