बुडाल्या बोटींचे पाहुणे

तांबड्या समुद्रात, इजिप्तच्या शर्म अल-शेखच्या पश्चिमेला, पाण्याखाली मोटारसायकली उभ्या आहेत. बीएसए आणि नॉर्टन, ट्रकच्या हौद्यात एकीला एक खेटून. जवळच रबरी गमबुटांचा ढीग आणि रायफली. ‘एसएस थिसलगॉर्म’ या ब्रिटिश मालवाहू बोटीतलं हे सामान उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या फौजेला पोचायचं होतं. ते पोचलं नाही. आज ते बघायला जगभरातून हौशी पाणबुडे येतात.

सुंदरलँडच्या गोदीत १९४० साली पाण्यात उतरलेली ही बोट २ जून १९४१ रोजी ग्लासगोहून निघाली. भूमध्य समुद्र शत्रूच्या विमानांच्या टप्प्यात होता, म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागला. एवढं करून सुवेझजवळ यावं, तर एक टँकर सुरुंगावर आदळून कालव्यातच अडकलेला. थिसलगॉर्म गुबालच्या सामुद्रधुनीत नांगर टाकून थांबली. ६ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर क्रीटहून आलेली दोन जर्मन हाइन्केल विमानं एका मोठ्या सैनिकवाहू बोटीच्या शोधात होती. ती काही सापडली नाही. परतताना ही दिसली. बॉम्ब पडले ते दारूगोळ्याच्या कप्प्यावर. स्फोटाचा दणका असा, की डेकवर बांधलेली रेल्वेची दोन इंजिनं उडाली आणि बोटीच्या दोन बाजूंना समुद्रतळावर जाऊन पडली. नऊ माणसं गेली. जखमी सोबत्याला आणायला जळत्या डेकवर परत शिरलेल्या अँगस मक्ली या खलाशाला पुढे जॉर्ज पदक मिळालं.

१९५०च्या दशकात फ्रेंच सागरसंशोधक जाक कुस्तो यांनी ही बोट शोधून काढली. जहाजाची घंटा, कप्तानाची तिजोरी आणि चक्क एक मोटारसायकल त्यांच्या पथकाने वर आणली. त्या काळी यात कुणाला वावगं वाटलं नाही. नंतर ती जागा विस्मरणात गेली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हौशी पाणबुड्यांना पुन्हा सापडली. तिथून खरी वर्दळ सुरू झाली.

बोटीचा तळ साधारण तीस मीटरवर आहे. तिथे दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे सिलिंडरमधली हवाही चौपट वेगाने संपते. रक्तात नायट्रोजन विरघळत जातो. साध्या हवेवर इतक्या खोल सुमारे वीसच मिनिटं थांबता येतं, त्याहून जास्त थांबल्यास वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबे घ्यावे लागतात. लाल रंग तर पहिल्या काही मीटरमध्येच पाणी शोषून घेतं, त्यामुळे टॉर्च लावेपर्यंत गंजसुद्धा करडाच दिसतो. मात्र पाणबुड्याला सगळ्यात जास्त धास्ती असते ती आत शिरल्यावरची. लोखंडी कप्प्यात वर्षानुवर्षं साचलेला गाळ पिठासारखा मऊ असतो. पायातल्या फिनचा एक चुकार फटका बसला, की क्षणात समोरचा हातही दिसेनासा होतो. म्हणून दारापासून दोरी सोडत आत जायचं आणि हवेचे तीन भाग करायचे: एक जायला, एक यायला, एक अडीअडचणीला. दोरीशिवाय आत जाणाऱ्याला धाडसी म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे.

माणसाला बोटीचा धोका आहे, तसा बोटीलाही माणसाचा आहे. पर्यटकांच्या नौका थेट थिसलगॉर्मच्या सांगाड्याला दोर बांधत आल्या. लाटेबरोबर नौका हिंदकळते आणि प्रत्येक हिसक्याला खालचं गंजलेलं लोखंड ताणलं जातं. ट्रक आणि मोटारसायकलींचे सुटे भाग ‘आठवण’ म्हणून पळवले गेले. याहून गमतीचा (खरं तर खेदाचा) प्रकार बुडबुड्यांचा. आत फिरणाऱ्यांनी सोडलेली हवा छताखाली अडकते, तिथे हवेचा कप्पा तयार होतो आणि त्यातला प्राणवायू गंजाला खतपाणी घालतो. कशालाही हात न लावणारा सज्जन पाहुणासुद्धा निव्वळ श्वास घेऊन बोट झिजवत असतो!

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. गोव्यातल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. तिथे हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी मिळाली. एकाच जहाजाच्या पोटात आफ्रिकेपासून चीनपर्यंतचा व्यापार! सेंट जॉर्ज खडकापाशी मिळाली ती बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कारखान्यातली कौलं, वर १८६५ साल उमटवलेली. पर्यटकाला फोटो काढायला इथे फारसं काही नाही. पण कौल कुठल्या जागी, कशाशेजारी पडलं होतं यावरून माल कसा भरला होता ते कळतं. कुणी ते दिवाणखान्यात नेऊन ठेवलं, की ते नुसतं कौल उरतं.

म्हणूनच असे पुरावे वाचवायचे, तर पर्यटकांसाठी मुद्दाम बुडवलेल्या बोटींची कल्पना पटण्याजोगी आहे. अमेरिकेने ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका घातक पदार्थ काढून २००६ साली फ्लोरिडाजवळ बुडवली, ती आज माशांचं घर आणि पाणबुड्यांचं ठिकाण आहे. आपल्या नौदलात १९८५ साली दाखल झालेली युद्धनौका ‘आयएनएस गुलदार’ २०२४च्या जानेवारीत निवृत्त झाली आणि कोकणातल्या निवती रॉकजवळ पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाकडे २०२५मध्ये सोपवली गेली. तारकर्ली-मालवणात स्कूबाचा धंदा आधीच रुजलेला आहे. त्यामुळे गिऱ्हाईक मिळेल का, ही चिंता नाही.

चिंता आहे ती थिसलगॉर्मवर झालेल्या चुकांची. गुलदारभोवती पहिल्या दिवसापासून कायमचे बोये हवेत. सांगाड्याला दोर बांधणाऱ्या नौकेचा परवाना जायला हवा, आणि एका वेळी किती जणांनी उतरायचं हे आधीच ठरायला हवं. तिथे उतरणाऱ्या वाचकांनीही बुकिंग करताना नौकावाल्याला एवढं जरूर विचारावं: तुमचा दोर कुठे बांधता?