चकलीसारख्या शंखाची गोगलगाय

भातलावणीनंतर पायांना खाज सुटली की दोष चिखलाला दिला जातो. खरे कारण कधी कधी पाण्यातली गोगलगाय असते. ‘इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस’ हे तिचे शास्त्रीय नाव. तपकिरी शंख चकलीसारखा चपटा, साधारण २ सेंटिमीटर रुंद. तोंडाला झाकण नाही. भारतासह दक्षिण व आग्नेय आशियातील तळी, डबकी, भातखाचरांत ती आढळते.

तिच्या अंगात वाढलेल्या शिस्टोसोमा कृमींच्या सूक्ष्म अळ्या पाण्यात उतरतात आणि गुरांच्या कातडीतून शिरतात. त्यातील एका जातीमुळे गुरांचे नाक सुजून ती घोरू लागतात. माणसाच्या कातडीत या अळ्या मरतात, पण पुरळ उठते. म्हणून खाचरात गमबूट घाला, बाहेर येताच पाय कोरडे पुसा आणि गुरांना डबक्याऐवजी हौदावर पाणी पाजा.