पुरळ उठलं? घ्या की सरळ!

तीन दिवसांचं गोंडस बाळ आणि अंगभर लाल ठिपके! आजी म्हणते दृष्ट लागली, आई म्हणते अ‍ॅलर्जी. टेन्शन नको! तान्ह्याचं बहुतेक पुरळ आपणहून येतं आणि आपणहून चेक-आउट करतं.

लाल सिग्नल, तरी गाडी सुसाट
माहीत आहे का? पूर्ण दिवसांच्या जवळपास निम्म्या बाळांना पहिल्या काही दिवसांत लाल चट्टे आणि त्यावर बारीक पिवळसर फोड येतात. तळहात-तळपाय मात्र बहुधा कोरे! नाव भारदस्त : इरिथेमा टॉक्सिकम. औषध? शून्य. आठवड्या-दोन आठवड्यांत गायब!

नाकावर मोती
नाकावरच्या त्या पांढऱ्या दाण्यांत काय असतं, माहीत आहे का? केराटिन! केस आणि नखं ज्याची बनतात, तेच प्रथिन. दाबू नका, फोडू नका. मोती आपोआप जातात.

टू-टोन बाळ!
कुशीवर झोपलेल्या तान्ह्याची खालची बाजू लाल, वरची फिकट, मधोमध सरळ रेघ! १९५२ मध्ये डॉक्टरांनी याची नोंद केली : हार्लेक्विन कलर चेंज. रंग बहुधा काही मिनिटांतच पूर्ववत.

अंघोळीला थोडं थांबा
जन्मतः अंगावर असलेला पांढरा थर म्हणजे फुकटचं मॉइश्चरायझर! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पहिली अंघोळ २४ तासांनंतरच. आणि पुढे बेसन-हळदीच्या पिठाने चोळणं? नाजूक कातडी सोलवटते. नकोच!

थरावर थर, घामोळं घरभर
टोपडं, झबलं, स्वेटर, वर दुपटं... घामाच्या नळ्या बंद, घामोळं हजर! सैल, सुती झबलं घाला, खोली हवेशीर ठेवा. पावडर? टाल्क जगातलं सर्वांत मऊ खनिज, पण त्याची धूळ बाळाच्या फुप्फुसात गेली तर धोका. डबा बंद!

पॅराशूट लंगोटात!
अमेरिकेच्या मेरियन डोनोव्हन यांनी शॉवरचा पडदा कापून लंगोटावरचं वॉटरप्रूफ कव्हर शिवलं, मग त्यासाठी चक्क पॅराशूटचं नायलॉन वापरलं. १९५१ मध्ये पेटंटही मिळालं! लंगोटाचं पुरळ टाळायचा आपल्याकडचा फॉर्म्युला सोपा : ओलं लंगोट लगेच बदला, कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने हलकेच पुसा. जांघेची प्रत्येक घडी टिपून कोरडी करा, घासू नका. बाळाला थोडा वेळ उघडं ठेवा, मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाडसर थर लावा.

इथे मात्र नो टाइमपास!
ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, पू भरलेले किंवा पाण्याचे फोड, नाळेभोवती लाली, दूध न ओढणं, बाळ मलूल होणं. यातलं एक जरी दिसलं, तरी गूगल बंद आणि थेट डॉक्टर. रात्रीचे दोन वाजले असले तरीही!