डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरेच का?

पेण तालुक्यातील जोहे गाव गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडावर रात्रंदिवस काम चालते. धर्म कोणताही असो, हजारो हातांना येथे रोजगार मिळतो. काही वर्षांपूर्वी अशाच हंगामात आम्ही जोह्याला एका नातेवाइकांकडे मुक्कामाला होतो. रात्री दहाच्या सुमारास जवळच्या कारखान्यातून आरडाओरड ऐकू आली. कामगारांच्या पगाराची पिशवी गल्ल्यातून गेली होती.

लाईट गेलेली, बाहेर पाऊस. चौघांनी कुणाला तरी पळताना पाहिले होते. एक म्हणाला उंच होता, दुसरा म्हणाला बुटका. तिसऱ्याला दाढी दिसली. चौथा म्हणाला, "शर्टावर लाल डाग होते, एवढे नक्की." मग चौघांचेही त्यावर एकमत झाले. परजिल्ह्यातून रंगकामाला आलेला एक पोरगा तसाच शर्ट घालून पडवीत झोपला होता. त्याला उठवले आणि दोन थोबाडीत बसल्यासुद्धा. तेवढ्यात कारखान्यात काम करणारी एक मावशी पुढे आली आणि म्हणाली, "अरे, लाल डाग इथं कुणाच्या अंगावर नाहीत? माझं लुगडं बघा की!"

सगळे गप्प झाले. अर्ध्या तासाने मालकाचा पुतण्या आला. लाईट गेल्यावर जोखीम नको म्हणून पिशवी त्यानेच घरी नेऊन ठेवली होती. पळताना दिसला तोही तोच, भिजू नये म्हणून धावत गेलेला. पिशवी मिळाली, पण त्या पोराच्या थोबाडीत बसलेल्या चपराका परत घेता आल्या नाहीत. चौघांपैकी खोटे कुणीच बोलत नव्हते, हे आमच्या मनातून आजवर गेलेले नाही.

राजाबाई टॉवर, १८९१

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २५ एप्रिल १८९१ रोजी एकाच कुटुंबातील दोन तरुण पारशी स्त्रिया या टॉवरवरून पडून मरण पावल्या. घटना दिवसाढवळ्या, भर शहरात घडली. एका तरुणावर खुनाचा खटला चालला, पण तो निर्दोष सुटला. वर नेमके काय झाले, याचे सर्वांना पटेल असे उत्तर आजपर्यंत मिळालेले नाही. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातील अशा न उलगडलेल्या मृत्यूंपैकी सर्वात गाजलेले मृत्यू मात्र लंडनचे.

लंडनचा चामडी एप्रनवाला

१८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात पाच स्त्रियांचे खून झाले. ते एकाच माणसाने केले असे बहुतेक अभ्यासक मानतात. 'जॅक द रिपर' हे त्याचे टोपणनाव जगभर झाले, खरे नाव कधीच कळले नाही.

पाहणारे मात्र होते. ८ सप्टेंबरच्या पहाटे एका बाईने एका माणसाला पाहिले, पण पाठमोरे. तरीही तिने सांगितले की तो चाळिशी उलटलेला, सावळा आणि परदेशी वाटला. ३० सप्टेंबरच्या रात्री जोसेफ लावेंडे या गृहस्थाने दुसऱ्या एका ठिकाणी जो माणूस पाहिला तो तिशीचा, गोऱ्या मिशांचा, खलाशासारखा. पुन्हा दिसला तर ओळखू शकेन असे वाटत नाही, असेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. शेवटच्या खुनानंतर जॉर्ज हचिन्सन नावाचा माणूस तीन दिवसांनी पोलिसांकडे गेला. रात्री दोन वाजता पाहिलेल्या माणसाचा लोकरी कॉलरचा कोट, सोन्याची साखळी आणि टायची पिनसुद्धा त्याने वर्णन करून सांगितली. सावळा परदेशी, गोरा खलाशी, श्रीमंत शेठ. हे तिघे एकच कसे असतील? आणि सर्वात जास्त तपशील देणारा सर्वात खरा असेल का?

या गोंधळात मार पडला तो एका गरिबाला. खुनी 'चामडी एप्रनवाला' आहे अशी आवई उठली. चामड्याचे एप्रन हे चांभारकाम करणाऱ्याचे रोजचे कापड. जॉन पायझर हा बूट बनवणारा ज्यू कारागीर संशयात सापडला. लोकांच्या भीतीने तो घरात दडून बसला. १० सप्टेंबरला त्याला पकडले आणि एका माणसाने त्याला 'ओळखले'सुद्धा. पण पहिल्या खुनाच्या रात्री तो दूरच्या एका खाणावळवजा निवासात होता आणि गोदीला लागलेल्या आगीबद्दल एका पोलीस शिपायाशीच बोलला होता, हे सिद्ध झाले. म्हणून तो वाचला.

आठवण म्हणजे फोटो नव्हे

असे का होते? डोळा कॅमेऱ्यासारखा नाही. अंधार, अंतर, भीती यांत चेहरा नीट दिसत नाही. हातात हत्यार असेल तर नजर हत्यारावर खिळते. उरलेल्या जागा मन आपल्या समजुतीने भरते. आणि नंतर कानावर पडलेले शब्दही आठवणीत मिसळतात. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, 'जोरात आदळल्या' तेव्हा किती? दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने त्यांच्यापैकी जास्त जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या!

सोळा वर्षे

ही गोष्ट फक्त लंडनची नाही. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर रात्री भीषण हल्ला झाला. पाच जण मारले गेले, दोघे जखमी होऊन वाचले. भटक्या जमातीच्या सहा जणांवर खटला चालला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. पुढे प्रकरण पुन्हा उघडले तेव्हा न्यायालयासमोर आले की वाचलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांवर खटलाच झाला नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सुमारे सोळा वर्षे गेली, त्यांची किंमत कशात मोजायची? आणि त्या बाईंनाही न्याय मिळाला का?

१८७१ साली, त्याच व्हिक्टोरिया राणीच्या काळात, इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा गेला. नजर मात्र अजून पुरती गेलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. तेथेही लोकांना 'दिसले' होतेच.

आपण साक्षीदार झालो तर

म्हणून साक्ष देऊच नये असे मुळीच नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पायाला गोळी लागलेल्या एका लहान मुलीने कोर्टात कसाबला ओळखले. तिच्या शब्दाला फोटोंचा आणि इतर पुराव्यांचा आधार होता. साक्षीला असा आधार हवा.

घरातल्या मुलाबाळांनाही एवढे सांगून ठेवा. काही पाहिले तर दुसऱ्याशी चर्चा करण्याआधी कागदावर लिहा: वेळ, उजेड, अंतर. जे दिसले नाही तेथे 'दिसले नाही' असे लिहा. ओळख परेडीआधी कुणी संशयिताचा फोटो मोबाईलवर दाखवू लागला तर पाहू नका. परेडीत गुन्हेगार नसूही शकतो हे लक्षात ठेवा. खात्री नसेल तर लावेंडेसारखे स्पष्ट सांगा. आणि जमाव जमला तर हात उगारण्यापूर्वी जोह्याच्या त्या मावशीचा प्रश्न एकदा विचारा: लाल डाग इथे कुणाच्या अंगावर नाहीत?