म्हैसाळचे नऊ मृत्यू आणि गुप्तधनाचा धंदा

20 जून 2022. सांगली जिल्ह्यातल्या मिरज तालुक्यातलं म्हैसाळ गाव. वनमोरे नावाच्या दोन सख्ख्या भावांच्या दोन घरांत मिळून नऊ जणांचे मृतदेह सापडले. म्हातारी आई, दोन्ही भाऊ, त्यांच्या बायका, मुलं. एक भाऊ जनावरांचा डॉक्टर, दुसरा शाळेत शिक्षक. घरात चिठ्ठ्या होत्या, त्यांत पैसे देणाऱ्यांची नावं होती. त्यामुळं आधी सगळ्यांना वाटलं, कर्जापायी सामूहिक आत्महत्या. सावकारांवर गुन्हा दाखल झाला, अटकाही झाल्या.

आठवड्याभरात चित्र पालटलं. पोलिसांनी सोलापूरच्या दोघांना खुनाच्या आरोपाखाली पकडलं, एक मांत्रिक आणि दुसरा त्याचा साथीदार. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, गुप्तधन काढून देतो म्हणून मांत्रिकानं या कुटुंबाकडून सुमारे एक कोटी रुपये घेतले होते. धन काही निघालं नाही. पैसे परत मागायला सुरुवात झाली, तेव्हा पूजेच्या बहाण्यानं घरी येऊन चहातून विष दिलं, असा आरोप आहे. दोष ठरवणं कोर्टाचं काम.

होटगीहून सोलापूर शहर हाकेच्या अंतरावर. त्यात मांत्रिकाचं नाव मुसलमानाचं. तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मान खाली घातली, काहींनी विषयच टाळला. पण पकडलेल्या दोघांत एक मुसलमान, एक हिंदू. हा धंदा धर्म बघून चालत नाही, माणसाची नड बघून चालतो.

तो चालतो कसा, हे घरातल्या पोरांनाही कळलं पाहिजे. आधी छोटी रक्कम मागतात. मग एखादी "निशाणी" दाखवतात. मग ताकीद, "कुणाला सांगू नका, नाहीतर धन सरकेल." ही ताकीदच खरा फास आहे. माणूस कुणाचा सल्ला घेत नाही. पुढं "अजून एवढेच द्या, काम झालंच." आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस आणखी देतो, दागिने मोडतो, सावकाराकडं जातो. म्हैसाळचं घर तर शिकलेलं होतं. नुसत्या डिग्रीनं माणूस वाचत नाही.

आपल्याकडं हेच "दफीना" किंवा "आमिल साहेब" या नावानं येतं. गैबचं इल्म अल्लाहशिवाय कुणाकडं नाही, हा आपला ईमान आहे. भविष्य सांगणाऱ्याकडं जाऊन विचारलं तर चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही, असा इशारा हदीसमध्ये आहे. मग जमिनीखालचं सांगणाऱ्याच्या हातात आपण घराच्या चाव्या का द्यायच्या?

कायदाही सोबत आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो सगळ्या धर्मांना लागू आहे. चमत्काराचा दावा करून लुबाडणं, गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय दंड. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. बिगरपरवाना सावकार छळत असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जाता येतं. आणि खरंच जमिनीत धन सापडलं, तरी 1878 च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवणं गुन्हा आहे. म्हणजे "गुपचूप काढून देतो" म्हणणारा पहिल्या वाक्यातच खोटा ठरतो.

म्हणून एवढं करा. घरात कुणी अचानक दागिने मोडत असेल, उधारी करत असेल, कारण सांगत नसेल, तर ओरडू नका. जवळ बसवून विचारा. पैसा बुडाला असेल तर बुडाला, पण शरमेनं गप्प बसू नका. पैसे मागायला एकट्यानं जाऊ नका, त्याला घरीही बोलावू नका. आधी घरच्यांना सांगा, मग पोलिसांकडं जा. म्हैसाळच्या त्या दोन घरांत ही गोष्ट वेळेत बाहेर पडली असती, तर कदाचित ती नऊ माणसं आज असती.